विषाची परीक्षा

श्रोतेहो, विषाची परीक्षा पाहू नये, असं आपल्याकडची वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. संसारात हा उपदेश सोळा आणे खरा. पण विज्ञानाच्या इतिहासात अशी काही माणसं होऊन गेली की ज्यांनी विषाचीच परीक्षा पाहिली, आणि त्या परीक्षेतून आपल्या शरीरातलं एक जुनं गूढ उकललं. ते गूढ म्हणजे पेशीच्या पोटातलं 'गॉल्जी संकुल', आणि ते विष एका बुरशीचं. या दोघांची गाठ कशी पडली, तिच्यातून काय हाती आलं, आणि या कथेचं एक अलीकडचं पान पुण्यात कसं लिहिलं गेलं, ते आज सांगायचं आहे.

विषय पेशीचा असला तरी सुरुवात आपण मावळातून करू. मळवली स्टेशनावर उतरावं, भाजे गाव मागे टाकून गायमुख खिंडीत यावं, की एका अंगाला विसापूर आणि दुसऱ्या अंगाला लोहगड उभा राहतो. गडाच्या पायथ्याला लोहगडवाडी. वाडीतून वर चढू लागलं की वळणावळणानं एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि शेवटी महादरवाजा. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हा गड आहे. गड नांदता होता तेव्हा धान्य असो, दारूगोळा असो, की माणूस असो, जे वर जायचं ते या दरवाज्यांतून, पहारेकऱ्यांच्या नजरेखालूनच जायचं.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही समोरच्या विसापुरावर उभे आहात. लोहगडाच्या वाटेवर शे-दोनशे माणसं हलताना दिसतात, पण कोण काय काम करतो ते कळायला मार्ग नाही. विचारायला जवळ जाता येत नाही. मग ओळखायचं कसं? एक युक्ती आहे. त्यांतल्या एकाच शिपायाला गुंगीचं औषध द्यावं आणि काय अडतं ते पाहावं. धान्याची पोती खोळंबली तर तो कोठीवरचा माणूस. दरवाजाच उघडला नाही तर किल्ल्या त्याच्याकडे होत्या. आणि गुंगी उतरल्यावर काम पुन्हा सुरू झालं, म्हणजे आपला तर्क पक्का. पेशीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमकी हीच युक्ती करतात. एका प्रथिनाचं काम थांबवणारं द्रव्य पेशीत सोडायचं आणि कुठं काय तुंबतं ते पाहायचं. अशा द्रव्याला शास्त्रीय परिभाषेत प्रतिबंधक म्हणतात. आपण त्याला साधा अडसर म्हणू.

पण अडसर घालण्याआधी दरवाजा तर सापडायला हवा! तो सापडला इटलीत. कामिल्लो गॉल्जी हा तिथला वैद्य. असाध्य रोग्यांच्या एका इस्पितळात नोकरी करत असताना तिथल्या स्वयंपाकघरातच त्यानं आपली प्रयोगशाळा थाटली होती. १८७३ साली त्यानं एक कृती शोधून काढली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटात मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटात ठेवायचा. त्यामुळं हजारो पेशींपैकी थोड्याच पेशी काळ्याभोर होतात, पण ज्या होतात त्या टोकाटोकापर्यंत स्पष्ट दिसतात. पुढं पंचवीस वर्षांनी, १८९८ साली, गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतल्या पेशी याच कृतीनं रंगवताना त्याला पेशीच्या आत एक नाजूक जाळं दिसलं. पाव्हिया शहरातल्या वैद्यकसभेपुढं त्यानं ते मांडलं. हेच ते गॉल्जी संकुल. १९०६ साली गॉल्जीला स्पेनच्या काखालबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते मज्जासंस्थेवरच्या कामाबद्दल. हे जाळं मात्र पुढची पन्नास वर्षं वादातच राहिलं.

वाद असा, की हे जाळं खरोखर पेशीत असतं, की रंग चढवताना साचलेला तो नुसता गाळ आहे? जिवंत पेशीत ते धड दिसत नसे. काही रंगांत दिसे, काहींत दिसत नसे. गाळाचं मत मांडणारेही मोठे विद्वान होते. अखेर १९५४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चित्रं मिळाली आणि शंका फिटली. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या, आणि त्यांच्या कडेला बारीक बारीक फुगे. घुबडाच्या मेंदूत दिसलेलं जाळं गाळ नव्हतं.

मग ही चवड करते काय? जॉर्ज पलाडे आणि त्याचा सहकारी जेम्स जेमीसन यांनी १९६७ साली याचं सुरेख उत्तर दिलं. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्या घेऊन त्यांनी त्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल अगदी तीन मिनिटं पाजलं आणि मग ते कुठं कुठं जातं याचा माग काढला. नवं प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेत तयार होतं, तिथून गॉल्जी संकुलात येतं, आणि तिथून साठवणीच्या कणांत भरून पेशीबाहेर पडतं. म्हणजे गॉल्जी संकुल हे वाटेवरचे दरवाजेच ठरले. माल एका दारानं आत येतो. मधल्या पिशव्यांत त्याच्यावर साखरेच्या साखळ्या चढतात, त्यांची छाटणी होते. पलीकडच्या दारात कोणता माल कुठं जायचा याची वाटणी होते. आपल्या पोटातले पाचकरस, रक्तातलं इन्शुलिन, रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडं, ही सगळी याच वाटेनं बाहेर पडतात. पलाडेला १९७४ साली नोबेल मिळालं.

दरवाजे सापडले, पण पहारेकरी कोण ते कळलं नव्हतं. ते दाखवून दिलं बुरशीनं.

पेनिसिलिनच्या यशानंतर जगभर एक लाट आली होती. जमिनीतली, सडक्या धान्यावरची, जुन्या लाकडावरची मिळेल ती बुरशी आणि मिळेल तो जंतू वाढवायचा, त्याचा अर्क काढायचा आणि तो कोणत्या रोगावर चालतो ते पाहायचं. या लाटेत आपला मावळही मागे नव्हता. मळवलीहून पुण्याकडे येणारी लोकल ज्या पिंपरी स्टेशनावर थांबते, त्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिथं थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द पिंपरीच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. त्याला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. एका मराठी गावाचं नाव असं लॅटिन वेष घालून शास्त्राच्या दप्तरात गेलं! या सूक्ष्मजीवापासून मिळालेलं हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध १९६१ साली जाहीर झालं. ते बुरशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्याला चिकटून आवरण फोडतं. पिंपरीचं हे द्रव्य औषधाच्या परीक्षेत उतरलं.

नेमक्या त्याच सुमाराला दुसरं एक द्रव्य त्याच परीक्षेला बसलं होतं. १९५८ साली अमेरिकेत पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून ते पहिल्यांदा निघालं. नाव ठेवलं 'डेकंबिन'. १९६२ साली चेकोस्लोव्हाकियात दुसऱ्या एका पेनिसिलियममधून ते पुन्हा निघालं; त्यांनी नाव ठेवलं 'सायनीन'. १९६३ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या रसायनशास्त्रज्ञांना ते तिसऱ्या बुरशीत सापडलं. ती बुरशी 'पेनिसिलियम ब्रेफेल्डियानम', म्हणून त्यांनी म्हटलं 'ब्रेफेल्डिन'. पुढं ताडून पाहिलं तेव्हा कळलं, की तिन्ही नावांचा धनी एकच आहे. सोळा कार्बन, चोवीस हायड्रोजन आणि चार ऑक्सिजन एवढ्याच अणूंचा हा लहानसा रेणू. 'ब्रेफेल्डिन ए' हे नाव टिकलं.

परीक्षेचा निकाल मात्र वाईट लागला. ब्रेफेल्डिन बुरशी मारतं, विषाणूंची वाढ रोखतं, कर्करोगाच्या पेशीही मारतं. पण चांगल्या पेशींनाही सोडत नाही. शिवाय रक्तात गेलं की ते फार वेळ टिकत नाही. रोग्याला देता येईल असं हे औषध नव्हे. हॅमायसिन पास झालं, ब्रेफेल्डिन नापास. आणि नापास द्रव्याची बाटली कपाटाच्या मागल्या फळीवर जाते, हा प्रयोगशाळेचा रिवाजच आहे.

ती बाटली पुन्हा पुढं आली जपानात. १९८५-८६ च्या सुमारास ताकात्सुकी, तामुरा, मिसुमी, इकेहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की हे द्रव्य विषाणूंना रोखतं ते नेमकं कुठं? उंदराच्या यकृताच्या पेशींत त्यांनी ब्रेफेल्डिन घातलं आणि त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पेशी प्रथिनं बनवत होती, बनवणं थांबलं नव्हतं. पण बनलेलं प्रथिन बाहेर पडत नव्हतं. कारखाना चालू आणि फाटक बंद! १९८८ साली याच मंडळींनी पुढची पायरी गाठली. पेशीत पाहावं तर गॉल्जी संकुलाची ती भाकऱ्यांची चवड दिसेनाशी झाली होती, आणि अडलेला माल मागं आंतर्द्रव्यजालिकेत साठला होता.

१९८९ साली अमेरिकेत बेथेस्डा इथं जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि रिचर्ड क्लाउस्नर यांच्या गटानं यातलं मर्म उघड केलं. संकुल नाहीसं झालं म्हणजे नष्ट झालं का? तसं नव्हतं. एरवी गॉल्जीत बसणारी प्रथिनं काही मिनिटांत उलट पावली जालिकेत जाऊन मिसळली होती. आणि ब्रेफेल्डिन धुऊन काढलं, की थोड्याच वेळात चवड जशीच्या तशी पुन्हा उभी राहत होती! यासाठी लागणारी मात्रा तरी केवढी? एका मिलिलिटर द्रवात पाच मायक्रोग्रॅम द्रव्य पुरतं. पाच मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दोन लाख भाग केले तर त्यांतला एक.

श्रोतेहो, इथं आपली लोहगडाची उपमा मोडली, आणि ती मोडली हेच या संशोधनाचं फळ आहे. गडावरचे सगळे पहारेकरी झोपले तरी गणेश दरवाजाचा एक चिरा हलत नाही. दरवाजा दगडाचा आहे. गॉल्जी संकुलाचा पहारेकरी झोपला की दरवाजाच विरघळतो. मग त्याला गड कसं म्हणावं? त्याला खरी शोभणारी उपमा मावळाच्या शेजारी, देहूला मिळते. तुकोबांची पालखी निघाली की मुक्कामाच्या गावी तळ पडतो. राहुट्या लागतात, पंगती बसतात, दिंड्यांच्या जागा ठरलेल्या असतात. वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला वाटावं, हे गावच आहे. पण तो तळ उभा असतो तो माणसांच्या येण्याजाण्यावर. ये-जा थांबली की जागा मोकळी. गॉल्जी संकुल असंच आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या मालानं आणि परत फिरणाऱ्या फुग्यांनी ते क्षणोक्षणी उभं राहतं. २००६ साली जपानी आणि अमेरिकन अशा दोन गटांनी यीस्टच्या जिवंत पेशीत हे डोळ्यांनी पाहिलं. तिथं पहिल्या दाराची पिशवी पाहता पाहता रूप पालटते आणि शेवटच्या दाराची होते. माल दरवाज्यांतून जातो असं आपण म्हणत होतो. इथं दरवाजाच माल पोटात घेऊन पुढं सरकत होता.

आता प्रश्न उरला तो पहारेकऱ्याचा. ब्रेफेल्डिन गुंगी देतं ती नेमकी कुणाला? इथं आणखी एका विषाची साक्ष निघाली, आणि ते विष आपल्या देशाच्या ओळखीचं आहे. १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, की पटकीचा जंतू माणसाला मारतो तो स्वतः शरीरभर पसरून नव्हे, तर आतड्यात विष सोडून. हे विष पेशीत कसं काम करतं ते शोधताना १९८४ साली अमेरिकेत कान आणि गिलमन यांना पेशीतलं एक लहान प्रथिन सापडलं. विषाच्या कामात त्याची मदत लागे. त्याचं नाव 'आर्फ'. पेशीत त्याचं स्वतःचं काम काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बिचारं पटकीच्या विषाचा साथीदार म्हणून दप्तरात नोंदलं गेलं!

पुढं कळलं, की हे आर्फ गॉल्जीच्या दारावरचं हरकामं पोर आहे. त्याच्या दोन अवस्था: एक निजलेली, एक जागी. जागं झालं की ते पिशवीच्या आवरणाला चिकटतं आणि इतर प्रथिनांना हाका मारून गोळा करतं. ती प्रथिनं आवरणावर दाब देऊन फुगा काढतात. या फुग्यांतून वाहतूक चालते. पण आर्फ आपण होऊन जागं होत नाही. त्याला उठवणारा एक मुकादम लागतो. मुकादम येतो, आर्फच्या हातातली जुनी चिठ्ठी काढून घेतो, नवी चिठ्ठी त्याच्या हाती येते आणि आर्फ कामाला लागतं. १९९२ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की ब्रेफेल्डिन ही चिठ्ठीची अदलाबदलच थांबवतं.

कशी थांबवतं, हे १९९९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी सांगितलं आणि २००३ साली रेणूंची त्रिमिती चित्रं काढून ते पक्कं झालं. साधारणपणे अडसर घालणारं द्रव्य जागा अडवून बसतं. खऱ्या किल्लीच्या जागी खोटी किल्ली घालावी तसं. ब्रेफेल्डिनची तऱ्हा निराळी. मुकादम आर्फचा हात धरतो, जुनी चिठ्ठी अजून सुटायची असते, त्याच क्षणी ते दोघांच्या मधल्या फटीत शिरतं आणि डिंकासारखं दोघांना चिकटवून टाकतं. एकट्या आर्फचं ते काही करत नाही, एकट्या मुकादमाचंही करत नाही. दोघांची भेट झाली की मात्र दोघेही अडकले. काम अर्ध्यावर गोठवणारी ही करामत निसर्गानं एका बुरशीला शिकवली होती, आणि माणसाला ती कळायला, १९५८ पासून धरलं तर, पंचेचाळीस वर्षं लागली.

मुकादमाचा शोधही याच विषानं लावला. कॅनडातल्या संशोधकांनी विचारलं, की कोणतं प्रथिन जास्त झालं तर पेशी ब्रेफेल्डिनला दाद देत नाही? त्यातून १९९९ साली जे प्रथिन हाती आलं, त्याला नाव पडलं 'जीबीएफ-१'. त्या आद्याक्षरांत गॉल्जीही आहे आणि ब्रेफेल्डिनही. गॉल्जीच्या अलीकडच्या दारावरचा हा मुकादम. पलीकडच्या दारावरचे दोन मुकादम अमेरिकेत सापडले. ते 'बिग-१' आणि 'बिग-२'. त्यांच्याही नावात ब्रेफेल्डिन बसलंच आहे. ही नावांची साखळी मोठी गमतीची आहे. ऑस्कर ब्रेफेल्ड हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन बुरशीतज्ज्ञ. त्याच्या नावावरून बुरशीचं नाव, बुरशीवरून विषाचं, आणि विषावरून आपल्या प्रत्येकाच्या पेशीत काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव. ब्रेफेल्ड १९२५ साली वारला. आपलं नाव कुठं जाऊन बसणार आहे, याची त्याला काय कल्पना!

पण तीन मुकादम म्हटल्यावर नवी अडचण उभी राहिली. ब्रेफेल्डिन तिघांनाही अडकवतं. मग कोणता कशाला जबाबदार, हे कसं ठरवायचं? एकालाच गुंगी देणारं द्रव्य हवं होतं. ते २००९ साली मिळालं, आणि पुन्हा विषाच्याच मागं धावताना मिळालं. अमेरिकेत सेंट लुइस इथं डेव्हिड हॅस्लम यांचा गट हगवणीच्या जंतूचं 'शिगा विष' पेशीत शिरू न देणारी द्रव्यं शोधत होता. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांचं नाव त्या विषाला आहे. हे विष पेशीत शिरलं की गॉल्जीच्या वाटेनंच उलटं आत जातं. अनेक कृत्रिम द्रव्यं चाळताना एक असं निघालं, की ते फक्त जीबीएफ-१ ला अडवतं. बिगच्या जोडीला हात लावत नाही. त्याचं नाव 'गॉल्जीसाईड'. यातही एक नवल दिसलं. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींवर त्याचा परिणामच होईना. कारण शोधलं तर कुत्र्याच्या जीबीएफ-१ मध्ये मोक्याच्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळं आहे: माणसात मिथिओनिन, कुत्र्यात ल्युसिन. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि अडसर बसेना.

आता पुण्यातलं पान. पाषाणला २००६ साली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था निघाली. तिला सगळे 'आयसर' म्हणतात. तिथं नागराज बालसुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेनं एक अगदी साधा वाटणारा प्रश्न घेतला. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी कशाला तरी धरून बसलेल्या असतात. त्यांचं बूड सुटलं तर आतल्या गॉल्जी संकुलाचं काय होतं? २०१८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उंदराच्या आणि माणसाच्या पेशी बुडाखालच्या आधारावरून सोडवल्या, की गॉल्जी संकुल झपाट्यानं विस्कटतं. फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा आधार पुन्हा दिला, की ते तितक्याच झपाट्यानं सावरतं. मात्र ब्रेफेल्डिननं होतं तसं ते मागं जालिकेत मिसळत नाही. विस्कटतं, पण आपली वेगळी ओळख राखून. पलीकडच्या दाराच्या पिशव्या जास्त विस्कटतात, अलीकडच्या कमी. आणि याच्या मुळाशी तेच आर्फ. आधार सुटला की जागं आर्फ कमी होतं, आधार मिळाला की वाढतं. त्याला उठवण्याचं हे काम जीबीएफ-१ पेक्षा बिगच्या जोडीकडे आहे, असा निवाडा त्यांनी दिला. मुकादमांतला असा भेद करायचा म्हटला, की सरसकट आणि निवडक अशा दोन्ही तऱ्हांच्या अडसरांची किंमत कळते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. विस्कटलेल्या पिशव्या परत गोळा होतात त्या डायनीन नावाच्या ओझेवाल्या प्रथिनाच्या पाठीवरून. आणि सिलिओब्रेव्हिन हे दुसरं अडसर-द्रव्य घातलं, की तो ओझेवाला अडतो.

याचा माणसाला उपयोग काय, असं कुणी विचारील, आणि विचारणं रास्तच आहे. कर्करोगाच्या पेशींची एक वाईट खोड अशी, की बूड सुटलं तरी त्या मरत नाहीत. वाहत जातात आणि दुसरीकडे ठाण मांडतात. चांगली पेशी आधार सुटल्याची खबर आतपर्यंत कशी पोचवते, हे कळल्याशिवाय कर्करोगाची पेशी ती खबर कशी दाबते हे कळणार नाही. पोलिओचंच उदाहरण घ्या. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या पोलिओचा विषाणू पेशीत शिरल्यावर आपली पिलावळ वाढवण्यासाठी याच जीबीएफ-१ मुकादमाला वेठीला धरतो; ब्रेफेल्डिन घातलं की त्याची वाढ थांबते. रोगप्रतिकाराचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत तर ब्रेफेल्डिन रोजच्या वापरातलं झालं आहे. रक्तातली कोणती पांढरी पेशी कोणता संदेश-रेणू बनवते हे मोजायचं, तर तो बाहेर निसटायच्या आत पेशीतच कोंडून ठेवावा लागतो. त्यासाठी ब्रेफेल्डिनचा अडसर घालतात. लस टोचल्यावर शरीर कसं जागं झालं, हे पाहायच्या कामी ते येतं.

पण इथं एक सावधपणाचा शब्द सांगितला पाहिजे. या अडसरांपैकी कुठलंही द्रव्य कर्करोगावरचं किंवा पोलिओवरचं औषध झालेलं नाही. गॉल्जीचा दरवाजा आजारी पेशीलाही तोच आणि निरोगी पेशीलाही तोच. तो बंद केला तर दोघींचा संसार थांबतो. विषाचं औषध करायचं तर एकाच्याच दारावर बसेल असा अडसर घडवावा लागेल. कुत्र्याच्या पेशीतला तो एक बदललेला मणी सांगतो, की हे अशक्य नाही. आणि तो एक मणी सापडायला किती खटपट करावी लागली, हेही तोच सांगतो.

पिंपरीच्या मातीतून औषध निघालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण देशाच्या प्रयोगशाळांचा हिशेब मांडताना केवळ पास झालेल्या औषधांची यादी मांडून भागणार नाही. ब्रेफेल्डिन औषधाच्या परीक्षेत नापास झालं तेव्हा कुणी त्याची बाटली फेकून दिली असती, वहीतली नोंद खोडली असती, तर गॉल्जी संकुल हा दगडी गड नसून चालता तळ आहे, हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. सरकारच्या आणि लोकांच्या पैशावर प्रयोगशाळा चालतात. तिथं काम करणाऱ्याला 'याचं औषध कधी होणार?' असं आपण विचारतो, ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला 'यातून तुम्हाला काय कळलं?' हेही विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. पहिल्या प्रश्नाला पंचेचाळीस वर्षांतही 'अजून नाही' एवढंच उत्तर मिळू शकतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर दहा वर्षांनी नवं मिळत गेलं, आणि ज्या दिवशी पहिल्याचं उत्तर मिळेल, ते या दुसऱ्याच्या वाटेनंच मिळेल.